बागेतला परीट

किन्हवली, तालुका शहापूर
कोजागरीचा दुसरा दिवस, १९३८

प्रिय गिरजे,

कार्डाऐवजी पाकीट पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. इकडे कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, गुरंढोरंही धड आहेत. पाकीट एवढ्याचसाठी, की कार्ड आलं तर ते आधी जनी वाचते. अक्षरं लागल्यापासून माझी पोर दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नाही, असं तूच आषाढात लिहिलं होतंस, आणि वर टोमणा मारला होतास की हा गुण आईचा नव्हे. खरं आहे बाई. मुरबाडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली तू, मला चाळीच्या पायरीवर बसवून, हाताला धरून पाटीवर घासत राहिलीस, तेव्हा कुठे माझा 'क' उभा राहिला. म्हणून या पत्रात काही वाकडंतिकडं दिसलं तर बोल मला लावू नकोस, शिकवणारीला लाव. जनी शाळेत गेली की हे वाच. धर्माभाऊजींना वाचून दाखवलंस तरी चालेल. मग चुलीत घाल.

इकडचं सांगायचं तर हळवं भात कापून झालं, उशिरा पिकणारं गरवं अजून शेतात उभं आहे आणि बरं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांनी काम सोडलंय, तोंड मात्र कामावर आहे. गावात सगळे त्यांना धोंडीबाई म्हणतात, आणि धोंडीबाईंच्या सुनेच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नाही, ही गोष्ट पाणवठ्यावर अजून शिळी झालेली नाही. चैत्रात बाया जमल्या होत्या तेव्हा एकजण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'रड गो, रडून घे, नायतर आतच ऱ्हाईल.' मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हाताचं वजन मला कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. गिरजे, अजूनही तसंच आहे. मी उठते, शेण काढते, भाकरी भाजते, शेतावर जाते, परत येते. लोक बोलतात ते ऐकू येतं. पायात काटा गेला तर रक्त दिसतं म्हणून काढते. जिभेला चव नाही, म्हणून मीठ अंदाजाने घालते आणि अंदाज रोज चुकतो. सासूबाई एक घास घेतात आणि विचारतात, 'समिंदर आनलास का गो घरात?' दुसऱ्या दिवशी कालवणात मिठाचा खडाही नसतो, तेव्हा त्या मुकाट्याने जेवतात. त्या मुकाट्याने जेवतात यावरून त्यांना माझी किती काळजी वाटते ते तुला कळेल.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहिते. लिहिलं की माझं मलाच जरा दिसतं. फाल्गुनात मुंबईत ह्यांना ताप आला आणि चैत्रात हे गेले. चाळीतली खोली बागेच्या माळ्यासाठी होती, माळी नाही तर खोली नाही. नवा माळी बायकापोरांना घेऊन दारात उभा राहिला. तोही बिचारा काय करणार, त्याला डोक्यावरचं ओझं खाली ठेवायला जागा हवी होती. इकडे सासूबाई एकट्या, लेक गेलेला, आणि पाऊस तोंडावर आलेला. लावणीला माणूस हवंच होतं. मी आले. जनीला त्या चिखलात आणून काय करणार होते, म्हणून मी तिचं गाठोडं बांधत आणि सोडत बसले होते. तेव्हा तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस आणि म्हणालीस, पावसाळाभर राहू दे माझ्याकडे, पाऊस सरला की ने. तुझ्या घरात मूल नाही हे त्या वेळी तू बोलली नाहीस आणि मीही बोलले नाही. धर्माभाऊजी खाटेची सुंभं आवळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. जनीने तेवढं एकच विचारलं, तू मला न्यायला कधी येशील? तिला तिथी कळत नाहीत आणि तारखांचा तिला कंटाळा. मी म्हटलं, परीट आला की येते.

दुसऱ्या कुणाच्या पोरीला असं सांगितलं असतं तर ती धोब्याची वाट बघत बसली असती. पण बागेमागच्या चाळीतल्या पोरांना परीट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाऊस उघडला, मोठ्या हिरवळीवरचं गवत कापून झालं, की आश्विनाच्या तोंडाला एके सकाळी तो पाहुणा पक्षी उतरतो. राखी पाठ, पांढरं पोट, छातीवर काळा डाग, आणि शेपटी सारखी खालीवर, दगडावर धुणं आपटल्यासारखी. तो दिसेपर्यंत हेडमाळी थंडीतल्या फुलांचं बी डब्यातून बाहेर काढत नसत. साहेबाने तारीख ठरवून दिलेली असायची, तसा कागद भिंतीवर चिकटवलेला असायचा, आणि हेडमाळी त्या कागदाला रोज नमस्कार करून म्हणायचे, पाऊस कागद वाचत नाही. परीट उतरला म्हणजे पाऊस मागे फिरणार नाही, बी कुजणार नाही, एवढं त्यांचं शास्त्र. मग अवजारांच्या खोलीपुढे फावड्याच्या पात्यावर नारळ फोडायचा आणि पहिला वाफा खणायचा. नारळाच्या डोळ्यांकडची जी वाटी, तिच्या तिन्ही डोळ्यांना शेंदराचं बोट लावायचं, आणि ती वाटी ज्याने परीट सगळ्यांच्या आधी पाहिला त्याची. उरलेलं खोबरं चाळभर. म्हणून भाद्रपद सरता सरता आपली सगळी कार्टी उजाडायच्या आत हिरवळीच्या कडेला जाऊन बसायची, शाळेला उशीर व्हायचा आणि तू दारात उभी राहून कोकलायचीस. त्या पोरांत तो म्हातारा पारशीही असायचा, दुर्बीण गळ्यात अडकवून. एका वर्षी त्याने हट्टाने ती वाटी मागितली, मीच आधी पाहिला म्हणून, आणि हेडमाळ्यांनी त्याला सुनावलं की डोळ्याला काच लावून पाहिलेला परीट आमच्यात धरत नाहीत. म्हातारा असा फुगला की पुढे कितीतरी दिवस तो बागेकडे फिरकला नाही. त्या दिवसांत दुसरेही पाहुणे यायचे. फाटकाबाहेर ट्रामच्या तारांवर पाकोळ्या ओळीने बसायच्या, वडावर हळद्या शीळ घालायचा. पण नारळाचा मान परटाचा.

ह्यांचं म्हणणं असं, की परीट बागेत नुसता टेकायला उतरतो, त्याला जायचं असतं आमच्या किन्हवलीच्या खळ्यावर. जनी विचारायची, कशावरून? हे म्हणायचे, मी त्याला चालीवरून ओळखतो. एका आश्विनात मेंदीच्या कुंपणाखाली नवरंग सापडला होता, तुला आठवत असेल. पाठीवर हिरवा, पंखांवर निळा, शेपटीखाली लालभडक, आणि दमून इतका गळालेला की हातात घेतला तरी फडफडला नाही. हे त्याला टोपीत घालून घरी घेऊन आले आणि टोपलीखाली ठेवला. जनी दिवसभर टोपलीपुढे बसून. जेवायलाही तिथेच. संध्याकाळ व्हायला आली तसे हे म्हणाले, आता त्याचा दम गेला, सोडायला हवा, त्याला पुढे जायचंय. तिने भोकाड पसरलं. ह्यांनी टोपलीला हात लावला नाही, म्हणाले तूच उचल. किती वेळ ती टोपलीच्या काठावर बोटं ठेवून बसली होती, तू भाताचं आधण उतरवून ठेवून बघायला आली होतीस. शेवटी तिने टोपली उचलली, तर तो उडालाच नाही. मोरीच्या कडेने टुणटुण उड्या मारत गेला आणि कण्हेरीत शिरला. जनी रडता रडता म्हणाली, बघा, त्याला जायचंच नव्हतं. हे हसले. ते हसणं मला अजून दिसतं, पण ऐकू येत नाही.

गौरी-गणपतीला धर्माभाऊजी तिला दोन दिवस इकडे घेऊन आले होते, त्याबद्दल मी तुला काहीच कळवलं नाही. कळवण्यासारखं काही घडलं नव्हतं. पोर उंच झाली होती, गाल भरले होते, तुझ्या हातचं अंगी लागलं होतं. मला वाटलं होतं, हिला बघितल्यावर तरी माझ्या आत काही हलेल. ती ओढ्यापलीकडून धावत आली, माझ्या कमरेला मिठी मारली, आणि मी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते, धर्माभाऊजींच्या छत्रीकडे. छत्रीची एक काडी मोडली होती. सकाळी तिची वेणी घालायला बसले. अर्धे केस विंचरले आणि फणी हातात धरून तशीच राहिले. किती वेळ, ते मला माहीत नाही. मग जनीने हात मागे करून माझ्या हातातून फणी घेतली आणि स्वतःची वेणी स्वतः घातली, एकीकडे झुकलेली. आणि वळून माझा चेहरा बघितला. रागाने नव्हे गं. अंथरुणावरच्या माणसाला उठल्या उठल्या बघतात, आज कसं आहे म्हणून, तसा. निघताना सासूबाईंनी तिला विचारलं, 'आता कायमची कवा येशील गो?' ती म्हणाली, परीट आला की. आणि मग माझ्याकडे बघून बजावलं, पण बागेतला हं आई, गावातला धरायचा नाही. मी तेव्हा ते पोरपणात काढलं.

गावातला पितृपक्षातच आला. मी कापणीला वाकले होते, कंबर ताठ करायला उठले तर समोर बांधावर हा, शेपटी आपटत. मी विळा खाली ठेवला. मनात म्हटलं, आला, आता जनीला आणायचं. तयारी सगळी झालेली होती. सासूबाईंनी आपल्या लेकाच्या जुन्या धोतरांची गोधडी शिवून ठेवली होती. माळ्यावरची लाकडी पेटी पुसून तिच्या पुस्तकांसाठी रिकामी केली होती. मी शाळेत जाऊन मास्तरांना विचारून आले होते. मुली तिथे अगदी मोजक्या, पण घेतो म्हणाले. एवढं सगळं करून मी तुमच्या निरोपाची वाट बघत राहिले. मला घाई वाटत नव्हती. घाई वाटायला हवी हे मात्र कळत होतं. परीट पुढे रोज अंगणात यायला लागला, आणि सासूबाई ओटीवरून हनुवटीने त्याच्याकडे दाखवून विचारायच्या, 'ह्यो काय आलाय. मग जाशील कवा?' मी म्हणायची, हा आपला. तिकडचा अजून यायचाय. 'तिकडं काय निराळा येतोय? माझा महिपत बोलायचा, तो आधी तुमच्या बागेत उतरतो नि मंग हितं येतो. मंग हितला तिकडच्याच्या आधी कसा आला?' लेकाचं नाव घेतलं की त्यांचा आवाज ओला होतो आणि त्या पदर तोंडाला लावतात. त्या माझ्या वाटणीचंही रडून घेतात असं मला वाटतं.

दसऱ्याच्या आधी इथला जैतू आपट्याची पानं आणि भाताच्या लोंब्या विकायला मुंबईला गेला. दरवर्षी जातो तो, आसनगावला गाडीत बसून. त्याला चाळीचा पत्ता दोनदोनदा समजावला आणि जनीसाठी बांधावरच्या काकड्या दिल्या. परवा तो परत आला. ओटीवर बसून आधी त्याने मुंबईच्या चहाला शिव्या घातल्या, मग बागेच्या रखवालदाराला, कारण त्याने ह्याला लोंब्यांचा भारा घेऊन हिरवळीवरून जाऊ दिलं नाही. मग म्हणाला, 'पोर बरी हाय. तुला निरोप दिलाय तिनं, का बागंत परीट आला नाय अजून. आला का कळवीन, बोलली.' मी विचारलं, आणि गिरजा काय म्हणाली? जैतूने डोकं खाजवलं. 'त्या तितंच व्हत्या. काय बोलल्याच नाय. चुलीत फुकर मारीत बसल्या. चूल तर चांगली पेटलेली व्हती.' गिरजे, तुला खोटं बोलता येत नाही हे मला इतकी वर्षं ठाऊक आहे. खोटं ऐकून गप्प बसता येतं, हे मात्र मला नवीन आहे.

आता जे लिहिते ते तुला माहीत नसणार. जैतू उठायला लागला आणि त्याला काही आठवलं. त्याने कनवटीचा हात काढून खांद्यावरच्या फडक्याची गाठ सोडली आणि एक पुरचुंडी माझ्यापुढे ठेवली. 'ह्या ऱ्हायलाच. मी फाटकापाशी आलो तर पोर मागनं पळत आली नि हातात कोंबलान. आयेला दे, बोलली. तिलाच दे, बोलली.' पुरचुंडीत नारळाची वाटी होती. डोळ्यांकडची. करवंटीवरच्या तिन्ही डोळ्यांना शेंदूर लावलेला. सासूबाईंनी हातात घेऊन उलटीसुलटी केली, वास घेतला आणि म्हणाल्या, 'शेंदूर हाय. देवाचा का गो नारळ?' मी म्हटलं, हो, देवाचा.

खोबरं ओलं नव्हतं. कडा वाळून तपकिरी झाल्या होत्या आणि ते करवंटीपासून सुटून आत खुळखुळत होतं. कुणीतरी रोज उन्हात ठेवून, रोज कावळ्यांपासून राखून जपलेलं. म्हणजे नारळ कधीचाच फुटला होता. वाफे खणून झाले होते, बी पडलं होतं, चाळभर खोबरं वाटून झालं होतं. आणि ही वाटी जनीकडे होती, म्हणजे परीट सगळ्यांच्या आधी पाहिला तो तिनेच. सगळ्या पोरांच्या आधी, पारशाच्या दुर्बिणीच्या आधी. बाप होता तोवर तिला ती वाटी एकदाही मिळाली नव्हती. दरवर्षी ती रुसून बसायची आणि हे तिला आपल्या वाटचं खोबरं द्यायचे, ते ती घ्यायची नाही. यंदा मिळाली, तर ती तिने खाल्ली नाही. माझ्यासाठी ठेवली. आणि त्याच माणसाबरोबर निरोप धाडला की परीट आलाच नाही. तिला राहायचंय तुझ्याकडे, गिरजे, आणि वाटी मात्र मलाच द्यायचीय. एवढी हुशार पोर, दुकानांच्या पाट्या वाचणारी, तिला हे एवढं सुचू नये? की तिला वाटलं, आईला हल्ली कुठे काय कळतं, शेंदूर बघूनही तिला उमगणार नाही? मला ते ठरवता येत नाही.

वाटी पदराखाली घेऊन मी गोठ्यात गेले आणि दावणीच्या कडेला बसले. मला तुझ्यावर रागवायचं होतं. मनापासून प्रयत्न केला. म्हटलं, हिने माझी पोर फितवली, गोडधोड खायला घालून आपलीशी केली. पण राग येईना, नुसते शब्द येत राहिले. चुलीकडे तोंड करून बसलीस एवढाच तुझा अपराध, आणि तुझ्या जागी मी असते तर चुलीत डोकंच घातलं असतं. मग मी जनीचा विचार केला. मी न्यायला गेले तर ती येईल. रडणार नाही, हट्ट करणार नाही, गाठोडं उचलून मुकाट्याने माझ्यामागे चालेल. इथे त्या गोधडीवर झोपेल. आणि रोज सकाळी उठून माझा चेहरा बघेल. वेणी स्वतः घालेल, कालवणाचं मीठ स्वतः चाखून बघेल, आईला हाताला धरून जेवायला बसवेल. करेल ती हे सगळं, बापावर गेलीय. आणि मला ते नकोय. गिरजे, मला ते नकोय गं. चैत्रापासून मला काही हवंसं वाटलेलं नाही की नकोसं वाटलेलं नाही, ही पहिली गोष्ट. ती कळल्यावर मला तिथून उठवेना. गाय मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून हे पत्र. मी जनीला न्यायला येत नाही. बागेत परीटच आलेला नाही, तर मी कशाला येऊ? तिला सांग, आईचा निरोप आहे, तो आला की कळव, घाई नाही. पुढच्या वर्षीही ती नाही आला म्हणाली तर पुढच्या वर्षीही खरं मान. ज्या वर्षी तिला इकडे यायचं असेल त्या वर्षी येईल तो. मला कळलंय हे मात्र तिला कधी कळू देऊ नकोस, माझ्यापुढे तिने चोरट्यासारखं उभं राहू नये. सासूबाईंचं मी बघून घेईन, गोधडी मी पांघरीन. पौषात म्हसा गावच्या जत्रेला तू माहेरी येशीलच, तेव्हा तिला घेऊन ये आणि दोन दिवस माझ्याकडे सोड. परत निघताना सासूबाई रडतील, कदाचित जनीही म्हणेल की मी राहते. तू ऐकू नकोस. मी काही वेगळं बोलायला लागले तर माझंही ऐकू नकोस, तिला घेऊन गाडीत बस. आत्ताच लिहून ठेवते, कारण तोवर मी बरी झालेली असले तर मला हे जमणार नाही. तिची वेणी घट्ट घालत जा, सैल घातली की शाळेतून येईपर्यंत सुटते. आणि खोबऱ्याचं सांगायचं राहिलं. सासूबाई म्हणाल्या, किसून कालवणात घाल. मी घातलं नाही. अंगणाच्या कडेला बसून दातांनी कुरतडत सगळं खाल्लं, करवंटी तेवढी कोनाड्यात ठेवली. समोर परीट शेपटी आपटत फिरत होता. इतके दिवस जपून जपून खोबरं खवट झालं होतं, गिरजे. मला ते खवट लागलं.

तुझीच,
शकू